ताईने तपासलेली बोट

माझी थोरली बहीण बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभी राहिली. शिवून आलेला सदरा पुढ्यात पडला की ती आधी तो उलटा करायची. सरळ बाजू सगळ्यांचीच चांगली असते, असं तिचं म्हणणं. टाका सुटलाय, शिवण ओढली गेलीय, काज उसवलंय, जिथे खोट दिसेल तिथे लाल बाणाची चिकटपट्टी लावायची. खोट फारच मोठी असली तर सदरा सरळ डाव्या ढिगात.

पुढे पुढे ती माणसंही अशीच तपासायला लागली. खरं तर आधीपासूनच. लग्न ठरताना तिने भाऊजींना दोनदा उठून उभं राहायला लावलं होतं, एक पाय आखूड वाटतो म्हणून. भाऊजी अजून सांगतात, "पास झालो, पण शेरा राहिला तो राहिलाच." देवावर तिचा विश्वास आहे. माझाही आहे. फरक इतकाच, की हात जोडताना मी डोळे मिटते आणि ताई उघडे ठेवते.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. एकोणतीस वर्षं उंच इमारतींच्या पोटातल्या उभ्या अंधारात, तारेच्या दोरांशी झटण्यात गेली. कंपनीने दोन वर्षं आधीच मोकळं केलं, तेव्हा एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाले, "आपण शिडाच्या बोटीवर राहायला जाऊ या."

मी त्या दिवशी तिथेच जेवायला होते. ताईने घास चावून संपवला आणि विचारलं, "कुणाच्या?"

"आपल्या."

"आपली कुठे आहे?"

"होईल."

ताई माझ्याकडे वळली. मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून ती मला मास्तरीण म्हणते. "मास्तरीण, यांच्या कपाळाला हात लावून बघ गं जरा."

"आणि पोरीची शाळा?" तिने भाऊजींना विचारलं. उत्तर पोरीनेच दिलं. भाची तेरा वर्षांची, पण बोलणं असं की घरात तिला वकीलीण म्हणतात. "धक्क्यापासून दहा मिनिटांवर शाळा आहे. बाबांनी आणि मी चौकशी केलीय. मला घेतात ते."

तेव्हा ताईला कळलं, की खटला तिच्या अपरोक्ष चालून संपलाय आणि तिला फक्त निकाल वाचून दाखवला जातोय.

बोट होती देशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रावर. आमचं शहर असं, की नळाला पाणी दिवसाआड, आणि तेही कधी पहाटे तर कधी भर दुपारी. पाण्यावर राहायची कल्पनाच आम्हाला चेष्टेसारखी वाटली. त्यात बोटीचे मालक फोनवर म्हणाले, "आधी आठ दिवस राहून बघा. पटलं तर कागद करू." झालं, ताईचे कान टवकारले.

"इतका भला माणूस? कुठेतरी पाणी मुरतंय."

भाऊजींनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "बरं. आठ दिवस तुझे. एक खोट काढून दाखव. बारीकसारीक नाही, बोट डाव्या ढिगात टाकावी अशी. दाखवलीस तर मी एक अक्षर न बोलता परत येईन. तोवर हे घर कुणाला देत नाही."

"आणि नाही सापडली तर?"

"तर राहायचं."

"शब्द?"

"शब्द."

वकीलीण म्हणाली, "मी साक्षीदार."

ताई मला घेऊन गेली ती दुसरे दोन डोळे हवेत म्हणून. मलाही सुट्टी होती. आणि खरं सांगायचं तर माझाही स्वार्थ होता. आई-वडिलांच्या मागे मला ताईच आहे. तिचं घर माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर. ते देशाच्या टोकाला जाऊ नये, एवढंच मी निघताना देवाकडे मागितलं होतं. कुणाला सांगितलं नाही.

दोन गाड्या बदलून आणि शेवटी बसने, तिसऱ्या दिवशी आम्ही धक्क्यावर उतरलो. बोट पस्तीस फुटांची, पांढरी, मधोमध डोलकाठी. चार पायऱ्या उतरून आत गेलं की डाव्या हाताला दोन बर्नरची शेगडी. बोट हलली तरी भांडं सांडू नये म्हणून ती झोपाळ्यासारखी टांगलेली. बेसिन परातीएवढं. समोर टेबल, टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाकं, बाकांच्या पोटात कपाटं. पुढच्या टोकाला झोपायची जागा त्रिकोणी, पायाकडे निमुळती.

"नवरा-बायकोनं पायात पाय अडकवून झोपायचं," ताई म्हणाली. "भांडण झालं तर कुणी जायचं कुठं?"

"पाण्यात," भाऊजी म्हणाले.

मालकांना धक्क्यावर सगळे कप्तान म्हणत. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काटक, गुडघे मात्र गेलेले. बंदरातला गाळ काढणाऱ्या जहाजावर त्यांनी जन्मभर इंजिन सांभाळलं. बायको गेल्यावर एकोणीस वर्षं या बोटीवर एकटे राहिले. आता लेकीने बंदरामागे तळमजल्यावर खोली घेऊन दिली होती. "चार पायऱ्या आहेत," ते म्हणाले, "पण गुडघे ऐकत नाहीत."

ते गेल्यावर ताई म्हणाली, "गुडघे दुखतात म्हणून कुणी राहतं घर विकतं होय? कारण दुसरं असणार."

दुसऱ्या दिवसापासून तिने कंबर कसली. गाद्यांची खोळ काढून उलटी केली. शिडाच्या शिवणींवरून नख फिरवत गेली. खिडक्यांच्या कडांना टाल्कम पावडर भुरभुरली आणि सकाळी कुठे ओल उठलीय ते बघितलं. तळाच्या फळ्या उचलून नाक खाली घातलं. चार दिवसांत बोटीवर एकसष्ट लाल बाण लागले. वकीलीण मोजत होती.

कप्तान रोज सकाळी यायचे. हात मागे बांधून धक्क्यावरून बोटीकडे बघायचे, खाली पाण्याच्या रेषेकडे बघायचे आणि जायचे.

"बघ," ताई माझ्या कानाशी म्हणायची, "रात्रीतून किती बुडाली ते बघायला येतो."

एखादा बाण तिने दाखवला की ते मान डोलवायचे. "हो, ते झिजलंय." "हो, ती खिडकी गळते, पण थोडी." एकदाही नाही म्हटलं नाही. त्यामुळे ताईचा संशय दुप्पट झाला. बारीक दोष भराभर कबूल करणाऱ्याची एक मोठी खोट कुठेतरी दडवलेली असते, असा तिचा कारखान्यातला अनुभव.

चौथ्या दिवशी तिने आत उतरायच्या पायऱ्या ज्या पेटीवर होत्या ती पेटीच बाजूला सरकवली. मागे इंजिन होतं. इंजिनाखाली, बोटीच्या अगदी बुडाशी, हाताच्या मनगटाएवढा पितळी पाइप आणि त्याला दांडीचा व्हॉल्व.

"हे काय आहे?" तिने खालूनच विचारलं.

कप्तान वर उभे होते, त्यांना वाकवत नव्हतं. "तिथून समुद्राचं पाणी आत येतं. इंजिन थंड ठेवायला लागतं."

"म्हणजे बोटीच्या बुडाला तुम्ही आपल्या हातानं भोक पाडलंय?"

"सगळ्याच बोटींना असतं, बाई."

"सगळे करतात म्हणून ते शहाणपण होत नाही."

त्या भोकाने तिला पछाडलं. ती जेवताना पायऱ्यांकडे बघायची. मला म्हणाली, "मास्तरीण, आपण झोपतो आणि खाली दार सताड उघडं."

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. मी लहान असताना एकदा नळ उघडा राहिला, आम्ही सगळे लग्नाला गेलेलो, आणि पाणी आलं. दोन दिवसांनी परतलो तर खालच्यांच्या छताचा पोपडा त्यांच्या पलंगावर. तेव्हापासून घरातून शेवटी जो बाहेर पडेल त्याने मेन कॉक बंद करायचा, हा आमच्याकडे नेम. घाईत असो, रडत असो, हात आपोआप कॉककडे जातो. माझाही जातो.

पाचव्या दिवशी आम्ही सगळे शहरात गेलो, वकीलिणीची शाळा बघायला. शेवटी बाहेर पडली ताई. तिने गॅस बंद केला, बेसिनचा नळ बघितला आणि वाकून तो व्हॉल्वही बंद केला. परत आल्यावर गॅस उघडला. बेसिनला पाणी टाकीतून येत होतं, ते आलं. काहीच अडलं नाही. व्हॉल्वची आठवण तिला कशाला राहील?

सहाव्या दिवशी सकाळी कप्तान आम्हाला खाडीच्या तोंडापर्यंत फिरवून आणणार होते. लेकीचा हात धरून ते बोटीवर चढले आणि सुकाणूशी बसले. भाऊजींनी किल्ली फिरवली, इंजिन लागलं.

"मागून पाणी पडतंय का बघा," कप्तानांनी विचारलं. इंजिनात शिरलेलं पाणी मागच्या भोकातून बाहेर पडताना दिसलं पाहिजे, ते दिसलं की सगळं ठीक.

भाऊजी मागे वाकले. "पडतंय."

ताईने सकाळीच बोट धुतली होती. पडत होतं ते धुण्याचं पाणी. पण हे आम्हाला नंतर कळलं.

ताई आणि मी आत बाकावर बसलो होतो, वरती धरायला काही दिसेना म्हणून. खाडीच्या मध्यावर आलो आणि एकदम कर्कश गजर वाजायला लागला. पायऱ्यांच्या मागून करपलेल्या रबराचा वास आला. वरून कप्तान ओरडले, "बंद करा, बंद करा इंजिन." त्याच वेळी माझ्या डोळ्यांदेखत ताई उठली, गुडघ्यांवर बसली, पेटी सरकवली आणि हात आत घालून ती दांडी वळवली. पेटी परत जागेवर. सगळं दहा-बारा सेकंदांचं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

भाऊजी खाली आले, पेटी काढली. कप्तान वरून म्हणाले, "आधी व्हॉल्व बघा."

"उघडा आहे."

कप्तानांनी मग काही विचारलं नाही. भाऊजींना आणि वकीलिणीला दोर कुठला ओढायचा ते सांगितलं, शीड वर गेलं, आणि इंजिनाशिवाय, एक आवाज न होता, त्यांनी बोट आडवीतिडवी वळवत धक्क्याला आणून लावली. शेजारच्या बोटीला धक्काही लागला नाही. एरवी ताईने यातही काही शोधलं असतं. त्या दिवशी ती गप्प बसली होती.

दुपारी भाऊजींनी कप्तान सांगतील तसा पंप उघडला. आत रबराचं छोटं चक्र असतं, ते पाणी ढकलतं. सहापैकी चार पाकळ्या तुटलेल्या. पाणी नसताना फिरलं तर असं होतं म्हणे, नाहीतर चक्र फार जुनं असलं तर.

"मागच्याच महिन्यात नवीन बसवलंय," कप्तान म्हणाले.

शेजारच्या बोटीवर एक सुतार राहायचा, तो कठड्यावर रेलून बघत होता. "कप्तान, तुम्ही मागच्या महिन्यात बसवणार होतात. म्हणाला होतात मला."

"बसवणार होतो आणि बसवलं."

"असेल, असेल," सुतार म्हणाला, आणि भाऊजींकडे बघून त्याने हळूच मान हलवली.

कप्तान ते चक्र तळहातावर घेऊन फिरवून फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, "बसवलं होतं असं मला वाटतं."

ते गेल्यावर भाऊजी ताईपाशी आले. "जिंकलीस बाई तू. व्हॉल्व उघडा, पाणी आत येतंय आणि चक्राचे तुकडे. म्हातारा एक तर खोटं बोलतोय, नाहीतर त्याला आठवत नाही. दोन्ही वाईट. उद्या परतीची तिकिटं बघतो." शब्द दिल्याप्रमाणे आणखी एक अक्षर बोलले नाहीत. वकीलीण पुढच्या टोकाला जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून.

ताईला हवं होतं ते मिळालं होतं. तिचं घर, तिच्या तीन गल्ल्या, मी. आणि मला हवं होतं तेही मिळालं होतं. मी कृतज्ञतेने हात जोडायला गेले, तर ते जुळेनात.

सातव्या दिवशी सकाळी कप्तान आले नाहीत. ताई दोनदा वर जाऊन धक्क्याकडे बघून आली. मग कपडे धुवायला आम्ही बंदराच्या नळावर गेलो.

"तू बघितलंस ना?" ती साबण लावता लावता म्हणाली.

"काय?"

"मास्तरीण, सोंग नको करू."

"बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

मी चादर पिळत राहिले. "तू परत यावीस असं मलाही वाटतं, म्हणून."

तिने साबण खाली ठेवला. "मी तरी कुठं लपवायला उघडला? गजर झाला, आठवलं, हात गेला. लपवणं झालं ते नंतर." तिने बादली उपडी केली. "बावीस वर्षांत चांगला सदरा मी कधी डावीकडे टाकला नाही. कारागिराच्या मजुरीवर येतं ते. आणि हा माणूस तर स्वतःवरच संशय घ्यायला लागलाय, बघितलंस का तू? 'मला वाटतं' म्हणाला."

"मग?"

"मग काय. चल."

कप्तानांची खोली लहान, भिंतीला लागून लोखंडी पलंग, खिडकीशी टेबल. टेबलाचे सगळे खण बाहेर काढून पलंगावर ठेवलेले. स्क्रू, दोऱ्या, पट्ट्या, रिकाम्या पिशव्या. ते खोलीच्या मधोमध उभे होते. लेक औषधांच्या दुकानात कामाला, जायची घाई, तरी त्यांना बसवायला बघत होती.

"जुनं चक्र शोधतायत पहाटेपासून," ती आम्हाला म्हणाली. "नवीन घातलं तर जुनं कुठंतरी असणार म्हणे. बाबा, राहू द्या ना. या वयात होतं असं."

ताई दारातच उभी राहिली. "शोधू नका," ती म्हणाली. "नवीनच बसवलं होतं तुम्ही. व्हॉल्व मी बंद केला होता. शहरात गेलो त्या दिवशी, नळ बंद करतात तसा. गजर झाल्यावर उघडला, तोही मीच."

लेकीने खाली ठेवलेली पर्स पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. कप्तान हळूहळू पलंगाच्या कडेवर बसले.

"काल का नाही सांगितलंत?"

"घरी जायचं होतं मला."

कप्तानांनी मान डोलवली. गळक्या खिडकीबद्दल डोलवायचे अगदी तशीच. मग म्हणाले, "मग जा घरी. बोट मी तुम्हाला देत नाही."

"अहो, पण," मी मध्ये पडले, "ती कबूल करायला आलीय."

"चूक मला चालते, बाई. मी शंभर केल्यात. पण बोटीवर कुणी काय उघडलं, काय बंद केलं, ते तिथल्या तिथे तोंडाने सांगावं लागतं. गप्प राहिलेलं चालत नाही. माझ्याशिवाय चार माणसं होती बोटीवर. खाडीत मोठं जहाज आलं असतं तर?"

आम्ही परत निघालो. अर्ध्या रस्त्यात ताई थांबली. "मला नापास केलं," ती म्हणाली. राग नव्हता, नवल होतं. कुणी तिला कधी तपासलंच नव्हतं.

भाऊजींना तिने पायरीवर बसून सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग टक्कल खाजवत म्हणाले, "पाणी पडतंय असं मी सांगितलं होतं. तेवढा बाण मला लाव." वकीलीण म्हणाली, "म्हणजे खोट सापडलेली नाही. करार अजून चालू आहे. पण विकणाराच नाही म्हणतोय, तर पुढे काय?"

"गप्प बस," ताई म्हणाली. "विचार करू दे."

दुपारभर ती पायऱ्यांच्या पेटीशी बसून होती. दोनदा भाऊजींना हाक मारून इंजिनाची किल्ली कुठं ठेवतात, कुठं लावतात ते विचारलं. नंतर शिवणाच्या डब्यातून तिने जाड नाडी काढली.

आठव्या दिवशी कप्तान आले. नवीन चक्र घेऊन आले होते, बसवून इंजिन जागेवर आणायला. ताई धक्क्यावर आडवी उभी राहिली. "कप्तानसाहेब, रोज बोट बघता, आज जरा आत या. मी धरते."

तिच्या खांद्याला धरून ते चार पायऱ्या उतरले. प्रत्येक पायरीला थांबले. आत पेटी बाजूला होती, व्हॉल्व बंद होता, आणि व्हॉल्वच्या दांडीला नाडीने इंजिनाची किल्ली बांधलेली होती.

"बंद केला की किल्ली इथं अडकवायची," ताई म्हणाली. "इंजिन लावायचं तर किल्ली घ्यायला इथं वाकायलाच लागणार. वाकलं की दांडी दिसणार. माणूस गप्प राहो, विसरो, किल्ली आपली सांगते."

कप्तान बघत राहिले. त्यांनी भाऊजींना वर पाठवलं आणि मुद्दाम घाई केली, "लवकर, इंजिन लावा, लवकर." भाऊजी किल्लीसाठी धावत खाली आले, वाकले, दांडी वळवली, नाडी सोडली. वकीलिणीकडून करून घेतलं. ताईला तीनदा करायला लावलं, एकदा डोळे मिटून.

"आणि किल्ली पाण्यात पडली तर?" त्यांनी विचारलं.

"दुसरी तुमच्याकडे राहील."

"म्हणजे मी रोज यायचं?"

"येताच की."

त्यांनी ओठ आवळले, चक्राची पुडी भाऊजींच्या हातात दिली. "हे आधी बसवा. कागदाचं मग बघू."

"अगं, पण तुला तर घरी जायचं होतं," भाऊजी न राहवून म्हणाले.

"खोट सापडली का तुमच्या बोटीत? नाही ना?" ताई म्हणाली. "मग शब्द म्हणजे शब्द. आणि मला नापास ठेवून कोण जातंय इथून?"

कागद त्यानंतर चौथ्या दिवशी झाले. माझी सुट्टी संपली म्हणून मी आधीच निघाले. बसच्या थांब्यापर्यंत ताई आली. बाकावर आम्ही नुसत्याच बसलो होतो. माझी पिशवी तिने मांडीवर घेतली होती.

"दर रविवारी फोन करीन मी," ती म्हणाली.

"मी करीन की."

"तू नको. तू केलास तर बरी आहे म्हणशील, लगेच ठेवून देशील. मी केला म्हणजे मला आवाजावरून कळतं."

"काय कळतं?"

"करमतंय की नाही ते."

बस आली. तिने पिशवी खिडकीतून आत दिली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली, बारीक डोळे करून, शिवणीकडे बघायची तशी. मी हसले. छान करमेल, म्हणाले. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि तिचं बरोबर होतं.